आडात नाही, दोष पोहऱ्याला

कला शाखेच्या विद्यार्थ्याला आकड्यांचे वावडे असते अशी एक सर्वमान्य समजूत आहे, आणि ती खोटी ठरावी असे माझ्या हातून आजवर काही घडलेले नाही. दहावीच्या परीक्षेनंतर गणिताला मी जो रामराम ठोकला तो कायमचा, असेच मी धरून चाललो होतो. पण टाळलेली गोष्ट कधी ना कधी गाठतेच. मला ती कॅमेऱ्याच्या रूपाने भेटली. कॅमेरा हातात घेतला आणि पाहतो तो काय, जिकडे पाहावे तिकडे आकडे! त्यातलाच एक आकडा 'आयएसओ' या नावाने ओळखला जातो. कॅमेऱ्याने प्रकाशाला किती तत्परतेने प्रतिसाद द्यावा, हे तो ठरवतो असे म्हणतात. १००, २००, ४००, ८०० अशी त्याची दुपटीची चढण असते. या एका आकड्याविषयी आपल्या महाविद्यालयात एक भीती पसरलेली आहे. ती मला अनाठायी वाटते. नव्हे, नुकसानकारक वाटते. ती तशी का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

साहित्य, समाज, राजकारण असे विषय पडलेले असताना हा गृहस्थ कॅमेऱ्यातल्या एका खटक्यावर वार्षिकांकाची पाने का खर्च करतो, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना पडेल. त्यांना माझी विनंती एवढीच, की त्यांनी थोडा धीर धरावा. या खटक्याचा संबंध लोकसाहित्याशी येतो, आठवणींशी येतो आणि एका माणसाच्या चेहऱ्याशीही येतो.

प्रथम ती भीती कोणती ते सांगतो. आमच्यात ज्याच्या गळ्यात नवा कॅमेरा येतो, त्याला पहिल्याच दिवशी वडीलधाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक गुरुमंत्र मिळतो: "आयएसओ शंभरच्या वर नेऊ नकोस, फोटो फुटतो." फुटतो म्हणजे काय, तर सावलीच्या जागी बारीक बारीक दाणे दिसू लागतात, रंगांचे ठिपके उठतात, गुळगुळीत गाल वाळूच्या कागदासारखा दिसतो. मंडळाच्या प्रदर्शनात फोटो मांडला, की पहिला जाणकार येतो तो चार बोटांवर डोळे आणून दाणेच शोधतो. ते सापडले म्हणजे मान हलवून पुढे जातो. फोटोत काय आहे हे पाहण्याचे कष्ट तो घेत नाही. मीही हा मंत्र निष्ठेने जपला. त्याचे फळ मला डिसेंबर २०२२ मध्ये मिळाले.

माझे आजोळ सिंधुदुर्गात आहे. तिकडे त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की दशावताराचे नाटक आलेच. देवाची पालखी फिरून झाली, की रात्री उशिरा नाटक उभे राहते. आधी आडदशावतार, त्यात गणपती येतो, संकासुर येतो. मग आख्यान लागते ते उजाडेपर्यंत चालते. रंगभूषा प्रत्येकजण आपली आपण करतो. राजाचे सिंहासन म्हणजे एक साधे लाकडी बाकडे. सगळ्यांत नवलाची गोष्ट ही, की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा सर्वांना ठाऊक, संवाद मात्र जागच्या जागी सुचतील ते. म्हणजे एका रात्री जे घडले ते तसेच दुसऱ्या रात्री घडत नाही, आणि कागदावरही कोठे उरत नाही.

आमच्या आजोळच्या गावात एक वृद्ध राजपार्टी नट होते. तरुणपणी त्यांनी स्त्रीपार्ट केले, पुढे राजा झाले. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. त्या वर्षी माझ्या गळ्यात मित्राकडून उसना आणलेला कॅमेरा पाहून रंगपटात चेहऱ्याला रंग लावता लावता ते म्हणाले, "झिला, फोटो बरो काढ हां. फुडल्या वर्सा मी रंग लावचंय नाय." मी मोठ्या आत्मविश्वासाने मान डोलावली. रात्रभरात १८० फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या तीन इंची पडद्यावर ते सगळे छान दिसत होते. मुंबईला परत आलो, संगणकावर उघडले, आणि हात गळाले. राजाचा प्रवेश म्हणजे रंगांचा एक पट्टा. युद्धनृत्य म्हणजे धूर. तात्यांचे डोळे, नाक, ओठ एकमेकांत मिसळून गेलेले. १८० फोटोंत एकच फोटो काचेसारखा स्वच्छ आला होता आणि तो रिकाम्या बाकड्याचा होता. बाकडे हलत नव्हते ना!

याचा हिशेब मागाहून मांडला तेव्हा चूक उघड झाली. देवळापुढच्या मांडवात ट्यूबलाइटचा आणि दोन दिव्यांचा उजेड. माझ्या भिंगाचे छिद्र एफ/४ वर. आयएसओ अर्थातच १००. एवढ्या उजेडात फोटो नीट उजळायचा तर शटर अर्धा सेकंद उघडे राहायला हवे, आणि कॅमेऱ्याने इमानेइतबारे ते तेवढे उघडे ठेवले. अर्ध्या सेकंदात राजा तलवार उपसून गिरकी घेतो. आकडा २०० केला असता तर शटरला पाव सेकंद पुरला असता. ४०० ला १/८, ८०० ला १/१५, १६०० ला १/३०, ३२०० ला १/६० आणि ६४०० ला १/१२५. सहा वेळा दुप्पट करायची होती, एवढेच. १/१२५ सेकंदात गिरकीतला चेहराही बहुधा ओळखू येण्याइतका थांबला असता. दाणे आले असते, पण तात्याही आले असते. मी दाणे टाळले आणि तात्यांना गमावले.

आता या भीतीचे मूळ कोठे आहे ते पाहू. माझ्या मते ते फिल्मच्या जमान्यात आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असत. ते जितके मोठे तितकी फिल्म जास्त संवेदनक्षम, आणि तितकेच चित्रातले दाणेही ठसठशीत. फिल्मचा वेग सांगणारा आकडा जर्मनीत १९३४ पासून 'डीआयएन' या मानकाने, तर अमेरिकेत १९४३ पासून 'एएसए' या मानकाने ठरवला जाई. १९७४ मध्ये हे दोन्ही एकत्र करून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 'आयएसओ' हा एकच आकडा चालू केला. रोलच्या डबीवर तो छापलेला असे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल असो की कोडॅकची ४०० ची 'ट्राय-एक्स', एकदा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत त्या आकड्याशी संसार करावा लागे. ज्यांनी त्या काळात छायाचित्रण केले त्यांनी 'कमी आकडा, स्वच्छ चित्र' असा नियम बांधला आणि तो त्यांच्यापुरता अगदी खरा होता. कारण तेथे संवेदनक्षमता खरोखरच फिल्मच्या अंगात होती.

डिजिटल कॅमेऱ्यात तसे नाही. त्यातला प्रकाशग्राहक, ज्याला आपण सेन्सर म्हणतो, तो कारखान्यातून बाहेर पडतानाच जो काय संवेदनक्षम असेल तो असतो. आपण खटका फिरवून १०० चे ६४०० केले म्हणून त्याची त्वचा काही हळवी होत नाही. आपण फक्त इतकेच सांगतो, की तू जो थोडा उजेड गोळा केला आहेस, त्यातून निघालेला विजेचा इशारा मोठा करून दे. ध्वनिक्षेपकासारखेच हे आहे. स्नेहसंमेलनात एखादा लाजरा वक्ता पुटपुटतो, तेव्हा आपण आवाजाची कळ वाढवतो. त्याने वक्त्याच्या छातीत बळ येत नाही. पुटपुटणेच मोठे ऐकू येते, आणि त्याच्याबरोबर पंख्याची घरघर आणि पहिल्या रांगेतली कुजबुजही. म्हणून घरघर कळीने निर्माण केली असे कोणी म्हणत नाही. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी १९९८ मध्ये निराळे मानक निघाले. २००६ च्या आवृत्तीत हा आकडा ठरवण्याच्या आणखी पद्धती त्यात आल्या. म्हणून दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर ८०० हा आकडा सारखा दिसला, तरी दोन्ही फोटो अगदी तंतोतंत सारखे उजळतीलच असे नाही. नाव जुने राहिले, वस्तू बदलली. आणि नावासोबत जुना नियमही तसाच पुढे चालत आला.

मग हे दाणे येतात कोठून? मला हे समजले ते एका घरगुती उदाहरणाने. पावसाळ्यात अंगणात शंभर वाट्या मांडून ठेवा. मुसळधार सर येऊन गेली तर सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरतात. पण नुसता शिंतोडा पडला तर एका वाटीत तीन थेंब, शेजारच्या वाटीत सात, तिसरीत एकही नाही. हा फरक वाट्यांचा दोष नव्हे, थोड्या पावसाचा तो स्वभावच आहे. प्रकाशही असाच कणाकणांनी पडतो आणि सेन्सरवर अशा लक्षावधी वाट्या मांडलेल्या असतात. जेथे सरासरी १०,००० कण पडतात तेथे साधारण शंभर इकडे-तिकडे होतात, म्हणजे शेकडा एक. डोळ्याला ते कळतही नाही. जेथे सरासरी १०० च कण पडतात तेथे दहा इकडे-तिकडे होतात, म्हणजे शेकडा दहा; ते मात्र दाण्यांच्या रूपाने दिसू लागतात. यंत्राच्या अंगची थोडी घरघर त्यात मिसळते हे खरे, पण मुख्य कारण उजेडाचा तुटवडा हेच. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड कोरडा, आणि आपण दोष देतो पोहऱ्याला!

यावर एक चतुर आक्षेप घेतला जातो, आणि मी स्वतः तो घेतला आहे. "आकडा १०० च ठेवू, शटर जलद करू, फोटो काळोखा येईल तो येवो, घरी जाऊन संगणकावर उजळू." पण उजळणे म्हणजे तरी काय? तीच कळ घरी जाऊन फिरवणे. शटर उघडे असताना जेवढा प्रकाश आत आला तेवढाच आपल्या हाती आहे. तो कॅमेऱ्यात वाढवा नाहीतर संगणकावर, मूळ शिल्लक तीच. उलट पुष्कळ कॅमेऱ्यांत, विशेषतः थोड्या जुन्या, इशारा आधीच वाढवून घेतला तर पुढच्या यंत्रणेची घरघर त्यामानाने कमी पडते. मागाहून वाढवला तर तीही वाढून येते. काही नव्या कॅमेऱ्यांत हा फरक नगण्य झाला आहे. पण १०० वर अडून राहिल्याने चित्र अधिक स्वच्छ येते, असे मात्र कोठेच होत नाही.

मात्र आकडा वाढवणे फुकट आहे, असे मला सुचवायचे नाही. त्याची खरी किंमत आपण समजतो ती नाही, एवढेच. इशारा दुप्पट केला की वरची मर्यादाही लवकर गाठली जाते. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी ओतले तर ते सांडते, तसे चित्रातले उजळ भाग पांढरेफटक होऊन जातात आणि तेथला तपशील पुन्हा मिळत नाही. राजाच्या मुकुटावरची चमक, स्त्रीपार्टी नटाच्या कपाळावरची टिकली, रंग लावलेल्या गालावरची झळाळी, हे सर्व त्यात वाहून जाते. म्हणून भीतीच बाळगायची तर ती दाण्यांची नको, उजळ भाग जळून जाण्याची बाळगावी. कॅमेऱ्यात उजेडाचा आलेख दाखवण्याची सोय असते. पडद्यावरचे चित्र पाहून सुखावण्यापेक्षा तो आलेख उजव्या भिंतीला धडकतो आहे का, हे पाहावे.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, "एवढी डोकेफोड कशाला? आकडा कॅमेऱ्यावर सोपवा. आयएसओ ऑटो करा आणि मोकळे व्हा." या पक्षाला मी हसत असे. आता हसत नाही. कारण तात्या २०२३ च्या पावसाळ्यात गेले, आणि घरच्यांना भिंतीवर लावायला राजाच्या वेषातला फोटो हवा होता. माझ्या १८० मधला एकही चालला नाही. त्यांच्या नात्यातल्या एका शाळकरी मुलाने त्याच रात्री घरातल्या साध्या मोबाइलवर काही फोटो काढले होते. त्यांतला एक निवडला, मोठा केला आणि चौकटीत बसवला. तात्या बाकड्यावर बसले आहेत, एक हात गुडघ्यावर, मान किंचित कललेली. पुढचे वाक्य सुचण्याआधीचा तो क्षण असावा. फोटो दाण्यांनी भरलेला आहे. त्या मुलाला आयएसओ हा शब्दही ठाऊक नव्हता. त्याच्या मोबाइलने आपल्या आपण आकडा वर नेला आणि तात्या वाचले. माझ्या अर्धवट ज्ञानापेक्षा यंत्राचे अडाणीपण बरे ठरले, हे मला कबूल केलेच पाहिजे.

तरीही सगळेच यंत्रावर सोपवावे असे मी म्हणणार नाही, आणि त्याचेही उदाहरण दशावतारातच आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक असे धरून चालतो, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. त्याच्यासमोर काळ्या वेषातला संकासुर येऊन उभा राहिला, की बिचाऱ्याला वाटते उजेड फारच कमी झाला. तो आकडा भराभरा वर नेतो, संकासुर राखाडी होतो आणि शेजारच्या नटाचा रंगवलेला चेहरा जळून जातो. संकासुर काळा आहे, तो काळाच दिसला पाहिजे, हे त्या यंत्राला कोण सांगणार? ते आपल्याला ठाऊक असते, कारण आपण नाटक पाहत असतो. अशा वेळी आकडा एक-दोन पायऱ्या खाली ओढण्याची खूण कॅमेऱ्याला द्यावी लागते. तशी सोय कॅमेऱ्यात असते. पण ती वापरायला दृश्याचा अर्थ कळणारा माणूस लागतो.

तीच गोष्ट मोबाइलमधल्या रात्रीच्या विशेष सोयीची. गूगलच्या पिक्सेल मोबाइलवर २०१८ मध्ये 'नाइट साइट' आली आणि पुढे तशा सोया सगळीकडे झाल्या. त्यामागची युक्ती सुंदर आहे. एका फोटोऐवजी झटपट अनेक फोटो घ्यायचे, ते एकावर एक नीट बसवायचे आणि त्यांची सरासरी काढायची. नऊ फोटोंची सरासरी काढली की दाणे एक-तृतीयांशावर येतात, सोळांची काढली की एक-चतुर्थांशावर. येथे कळ फिरवलेली नाही. वाट्या पावसात जास्त वेळ ठेवल्या आहेत. बसलेल्या माणसासाठी, इमारतीसाठी हे उत्तम आहे. पण नाचणाऱ्या नटाला सोळा वेळा एकाच जागी कसे सापडावे? आणि दुसरे असे, की अशा फोटोत पुष्कळदा रात्र दिवसासारखी दिसते. मांडवाबाहेरचा काळोख, त्यातून नुसते चमकणारे प्रेक्षकांचे डोळे, हाही त्या नाटकाचाच भाग आहे. अंधारातला फोटो काढता येणे निराळे आणि अंधार पुसून टाकणे निराळे.

आणि फ्लॅश? त्याविषयी एकच सांगतो. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे पुढचा नट पांढरा आणि मागचा काळा, असा न्याय होतो. शिवाय पहाटेच्या तीन वाजता पदरची वाक्ये रचत असलेल्या माणसाच्या डोळ्यांत वीज चमकवण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?

तर मग करावे काय? माझे म्हणणे थोडक्यात असे, की आकडा सर्वांत शेवटी ठरवावा, पण तो आपण ठरवावा आणि ठरवताना भिऊ नये. प्रथम स्वतःला विचारावे, या फोटोत काय गमावून चालणार नाही? गिरकी थांबवायची असेल तर शटर १/२५० किंवा निदान १/१२५. गाताना स्थिर उभा असलेला नट असेल तर १/६० पुरेल. मग भिंगाचे छिद्र शक्य तितके मोठे करावे. एफ/४ ऐवजी एफ/२ चे भिंग मिळाले तर चौपट उजेड येतो आणि ६४०० चे काम १६०० वर होते. शक्य असेल तर दिव्याच्या जवळची जागा धरावी. आडात पाणी वाढवण्याचे हेच खरे उपाय. एवढे केल्यावर जी तूट उरेल ती आयएसओने भरून काढावी, मग आकडा ३२०० होवो की ६४००. ट्यूबलाइटच्या किंवा हलक्या एलईडीच्या उजेडात पट्टे उमटू लागले, तर शटर १/१०० वर आणून पाहावे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. सगळे हाताने करणे जमत नसेल तर 'ऑटो' ठेवावे, पण कमाल आकडा आणि शटरची किमान गती आपण बांधून द्यावी. पुष्कळ कॅमेऱ्यांत ती सोय असते. आणि सकाळी देवळाबाहेर पडताना आकडा आठवणीने खाली आणावा. नाहीतर लख्ख उन्हात ६४०० वर काढलेले फोटो पाहून आपण पुन्हा दोष देणार तो त्या आकड्यालाच.

दाण्यांची भीती घालवण्यासाठी आणखी एक साधा हिशेब मांडतो. गणिताला रामराम ठोकलेल्याने तो मांडावा हा काव्यगत न्यायच म्हणायचा. समजा, आपल्या कॅमेऱ्याचा फोटो ६,००० ठिपके रुंद आणि ४,००० ठिपके उंच आहे. आपल्या वार्षिकांकात तो चार इंच रुंदीचा छापला, आणि इंचाला ३०० ठिपके धरले, तर छपाईला रुंदीत १,२०० ठिपके पुरतात. म्हणजे रुंदीत पाच आणि उंचीत पाच अशा पंचवीस ठिपक्यांचा मिळून छापील फोटोत एक ठिपका होतो. पंचवीसांची सरासरी निघाली की दाणे एक-पंचमांशावर येतात. आता १०० च्या जागी ६४०० वापरला म्हणजे उजेड १/६४ झाला, आणि वाट्यांच्या हिशेबाने दाणे सुमारे आठपट झाले. त्यांतले पाचपट छपाईतच निवले. उरले दीडपटीच्या थोडे वर. ते शोधायला आपल्या वार्षिकांकाचा कागद भिंगाखाली धरावा लागेल. एवढ्यासाठी आपण वर्षानुवर्षे स्नेहसंमेलनातली नृत्ये आणि एकांकिका धुरासारख्या छापत आलो आहोत! मागच्या अंकांची पाने उघडून पाहावीत. उद्‍घाटनाच्या खुर्च्यांवर बसलेले पाहुणे तेवढे ठळक. रंगमंचावर जिवाचे रान करणारी आपली मुले-मुली अस्पष्ट.

म्हणून आपल्या छायाचित्रण मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या स्नेहसंमेलनाच्या आधी एका संध्याकाळी सभागृहाचे दिवे नाटकाच्या वेळी असतात तसे लावावेत. रंगमंचावर एका मित्राला हातवारे करायला उभे करावे आणि मंडळाच्या कॅमेऱ्यावर १०० पासून १२,८०० पर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक फोटो काढावा. ते सगळे वार्षिकांकाच्या आकारात छापून आकड्यांशिवाय सूचनाफलकाशेजारी लावावेत. कोणता फोटो छापावासा वाटतो, ते ज्याने त्याने सांगावे. मग मागची बाजू उलटून आकडा पाहावा. प्रत्येक कॅमेऱ्याची सहनशक्ती निराळी असते. ती अशीच कळते, वडीलधाऱ्यांच्या मंत्राने कळत नाही. या प्रयोगाला पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

आता प्राध्यापकांना दिलेले वचन पुरे करतो. आपला मराठी विभाग लोककलांच्या संकलनाविषयी नेहमी बोलतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी दशावतार आहे, जागरण-गोंधळ आहे, नमन-खेळे आहेत, भारूड आहे. यांतले पुष्कळसे रात्री होते, अपुऱ्या उजेडात होते, आणि ते करणारे बरेचसे हात आता म्हातारे झाले आहेत. ज्या नाटकाला संहिता नाही त्याची नोंद चेहऱ्यांतूनच राहायची. ती नोंद करायला आता शोधनिबंध लिहिणारा कोणी मोठा विद्वानच लागतो असे नाही. सुटीत गावी जाणारा कोणताही विद्यार्थी ती करू शकतो. त्याच्या हातात साधन आहे. पण 'फोटो फुटेल' या धाकाने त्याने आकडा १०० वर खिळवून ठेवला, तर त्याच्या संग्रहात शेवटी रिकामी बाकडीच उरतील.

गेल्या दिवाळीत तात्यांच्या घरी गेलो होतो. माजघरात तो फोटो आहे, त्याला हार आहे. मी सवयीने जवळ जाऊन पाहू लागलो. कपाळाजवळ, मुकुटाच्या कडेला, सगळीकडे दाणेच दाणे. मागून काकी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "बरो इलो मां फोटो? अगदी बोलतहत असा वाटता."

मी म्हणालो, "होय, बरो इलो." आणि चहा घेतला.